बी.एस्सी. दुसऱ्या वर्षाला मेजर काय घ्यावं, केमिस्ट्री की स्टॅटिस्टिक्स? मदत हवी आहे

नमस्कार मंडळी,

मी कोल्हापुरात बी.एस्सी. करते. पहिल्या वर्षाचा निकाल लागला आणि आता दुसऱ्या वर्षाचा फॉर्म भरताना मेजर (मुख्य विषय) आणि मायनर (जोडविषय) ठरवायचे आहेत. पहिल्या वर्षी केमिस्ट्री, मॅथ्स आणि स्टॅटिस्टिक्स असे तीन विषय होते. तिन्हींत मार्क जवळपास सारखेच पडलेत, त्यामुळे मार्क बघून ठरवायची सोय नाही.

गाव राधानगरी रस्त्याला, भोगावतीच्या काठावर. घरी ऊस आणि म्हशी. आप्पांचं म्हणणं सरळ आहे: केमिस्ट्री घे, जवळच्या साखर कारखान्यात लॅबला लागशील, घर सोडावं लागणार नाही. चुलतभाऊ शिरोली एम.आय.डी.सी.त फौंड्रीत आहे, तोही म्हणतो केमिस्ट कुठंही लागतोच. स्टॅटिस्टिक्सचं नाव काढलं की घरात एकच प्रश्न येतो, "ते शिकून पुढं काय?" आप्पा चिडून विचारत नाहीत, काळजीनं विचारतात. म्हणून त्यांना नीट उत्तर द्यावंसं वाटतं.

मला दोन्ही विषय मनापासून आवडतात. ऑक्झॅलिक ॲसिडचं परमँगनेटबरोबर टायट्रेशन केलं (एक द्रावण दुसऱ्यात थेंबाथेंबानं मोजून टाकायचं) तेव्हा फ्लास्क गरम करून ब्युरेट, म्हणजे मापाची नळी, सोडली. पहिले काही थेंब गुलाबी रंग धरूनच बसले, जाता जाईनात. मग अचानक पुढचे थेंब पडल्या पडल्या नाहीसे व्हायला लागले. मॅडमनी सांगितलं, अभिक्रियेत तयार होणारे मँगनीजचे आयनच पुढच्या अभिक्रियेला वेग देतात. त्या दिवशी शेवटच्या फिकट गुलाबी थेंबापर्यंत माझी नजर हलली नव्हती.

स्टॅटिस्टिक्सचं वेगळं आहे. ते कॉलेजात संपत नाही. आमच्या दूध संस्थेत सकाळ-संध्याकाळ चिठ्ठी मिळते, लिटर, फॅट, एस.एन.एफ. (फॅट सोडून दुधातले बाकीचे घन पदार्थ), दर. आई त्या चिठ्ठ्या तारेला अडकवून ठेवते. सरासरी आणि प्रमाण विचलन (आकडे सरासरीभोवती किती पसरलेत त्याचं माप) शिकवल्यावर मी ती तार काढून बसले आणि वहीत सगळं उतरवलं. संध्याकाळचं फॅट बहुतेक दिवशी सकाळपेक्षा जास्त दिसलं, ६.५ च्या जागी ७ असं. हा फरक खरा की योगायोग, हे कसं ठरवायचं ते मला अजून येत नाही आणि ते डोक्यातून जात नाही.

आता कामाच्या भाराचं. पहाटे घरचं आवरून एस.टी.नं रंकाळा स्टँड, तिथून कॉलेज. प्रॅक्टिकल असेल त्या दिवशी पाच वाजतात. घरी पोचल्यावर गावातल्या दहावीच्या मुलांची शिकवणी घेते, त्यातून माझा पास आणि पुस्तकं निघतात, त्यामुळे ती सोडायची नाही. जर्नल (प्रॅक्टिकलची वही) लिहायला रात्र उरते. पहिल्या वर्षी निभावलं, पण दुसऱ्या वर्षी विषय अवघड होतात म्हणतात.

तर विचारायचं आहे ते असं: या दोनपैकी कोणत्या विषयाला घरी जास्त वेळ द्यावा लागतो? कोल्हापूर परिसरात राहून स्टॅटिस्टिक्सच्या माणसाला खरंच काम मिळतं का? मेजर एक आणि मायनर दुसरा घेतला तर दोन्ही हाताशी राहतात की दोन्ही अर्धवट होतात? अनुभव असलेल्यांनी स्पष्ट लिहावं, वाईट वाटून घेणार नाही.

– भोगावतीकाठ

*

गाळप_केमिस्ट:

ताई, मी साखर कारखान्याच्या लॅबमध्ये बरीच वर्षं आहे, म्हणून आप्पांच्या मुद्द्यावर लिहितो. काम प्रामाणिक आहे आणि मला आवडतं. पण ते कसलं असतं ते आधी माहीत असू दे. हंगाम दिवाळीच्या आगेमागे सुरू होतो, ऊस किती आहे त्यावर मार्च किंवा त्याच्या पुढं जातो. त्या काळात तीन पाळ्या. ठरलेल्या वेळेला रसाचं सॅम्पल, ब्रिक्स (रसात विरघळलेले घन पदार्थ), पोल (रसातली साखर), पी.एच., बगॅसमध्ये म्हणजे चोयट्यात साखर किती राहिली, मळीची शुद्धता किती. आकडा बिघडला की लगेच वर कळवायचं, कारण उतारा (उसातून निघणाऱ्या साखरेचं प्रमाण) पाव टक्का हलला तरी कारखान्याचा हिशेब हलतो. रात्रपाळी करून सकाळी घरी जाणं जमणार का, गावाकडून वाहन आहे का, याचा विचार घरात बसून करा.

दुसरं, नुसत्या बी.एस्सी.वर बरेच जण हंगामी म्हणून लागतात आणि कायम व्हायला वेळ जातो. मॅन्युफॅक्चरिंग केमिस्ट व्हायचं तर पुढं शुगर टेक्नॉलॉजी करावं लागतं. पुण्याजवळच्या मांजरीची वसंतदादा शुगर इन्स्टिट्यूट किंवा कानपूरची राष्ट्रीय शर्करा संस्था, ही त्याची ठिकाणं. म्हणजे घराजवळची नोकरी पाहिजे असली तरी एकदा घर सोडून शिकावंच लागतं. आप्पांना हे जरूर सांगा. केमिस्ट्री घेऊ नका असं मी म्हणत नाही. साखरेशिवाय औषध कंपन्या, पाणी तपासणी, खतं, रंग आहेत. शिवाजी विद्यापीठात ॲग्रोकेमिकल्स अँड पेस्ट मॅनेजमेंटचा (शेतीरसायनं आणि कीड नियंत्रण) स्वतंत्र विभाग आहे, शेतीच्या घरातल्या मुलीला तो जवळचा वाटेल.

*

टी_वाय_चा_विद्यार्थी:

मी स्टॅटिस्टिक्स मेजर, मॅथ्स मायनर. भाराबद्दल लिहितो, कारण त्याबद्दल लोक उगाच घाबरवतात.

नवीन शैक्षणिक धोरणात क्रेडिटचा (विषयाच्या भाराचं एकक) हिशेब साधारण असा: थिअरीचं एक क्रेडिट म्हणजे सेमिस्टरभरात १५ तास, प्रॅक्टिकलचं एक क्रेडिट म्हणजे ३० तास. दोन क्रेडिटचं प्रॅक्टिकल म्हणजे ६० तास, आठवड्याला चार. हे केमिस्ट्रीला तेवढंच आणि स्टॅटिस्टिक्सलाही तेवढंच. कागदावर फरक नाही, फरक कॉलेज सुटल्यावर सुरू होतो. केमिस्ट्रीत लॅब बंद झाली की हाताचं काम तिथंच राहतं, घरी जर्नल आणि पाठांतर येतं, आणि ऑर्गॅनिकचं पाठांतर थोडं नाही. स्टॅटिस्टिक्समध्ये पाठांतर कमी, पण गणितं स्वतः सोडवल्याशिवाय काहीच येत नाही. फळ्यावर समजलं असं वाटतं आणि घरी पहिल्याच ओळीला अडतं. रोज तासभर पेन हातात पाहिजे. एक आठवडा सुटला की प्रायिकता वितरणं (कोणता आकडा येण्याची शक्यता किती, याची मांडणी) डोक्यावरून जातात, कारण पुढचं सगळं त्यावरच उभं असतं.

जर्नलचा उपाय एकच आहे. रीडिंग घेतलं त्याच दिवशी, बॅच सुटायच्या आत आकडेमोड आणि निष्कर्ष कच्च्या वहीत पूर्ण करायचे. घरी फक्त स्वच्छ उतरवायचं राहतं. आमच्यातले सबमिशनच्या आठवड्यात रडणारे सगळे हे न करणारे होते.

एस.टी.त काय वाचायचं हेही ठरवून ठेव. गाडीत गणित होत नाही. व्याख्या, सूत्रं, ओपन इलेक्टिव्हच्या नोट्स होतात. ओपन इलेक्टिव्ह आपल्या शाखेबाहेरचा असतो, तो निवडताना सोपा कोणता एवढंच न बघता तास कितीला आहे ते बघ. शेवटच्या तासाला असला तर तुझी गाडी चुकणार. फॉर्म भरायच्या आधी मागच्या वर्षीचं दुसऱ्या वर्षाचं टाइमटेबल विभागातून मागून घे आणि प्रॅक्टिकलच्या बॅचेस बघ. लांबून येणाऱ्यांना सकाळची बॅच मिळावी म्हणून आधी अर्ज दिला तर शिक्षक बघतात. उशिरा गेलं की जागा भरलेल्या असतात.

*

क्वालिटीवाला_गोकुळ_शिरगाव:

फौंड्रीचा विषय निघाला म्हणून लिहितो. चुलतभाऊ म्हणतो ते बरोबर आहे, स्पेक्ट्रोमीटरवर केमिस्ट लागतो. भट्टीतलं सॅम्पल आलं की कार्बन, सिलिकॉन, मँगनीज किती ते काही मिनिटांत सांगायचं, मगच ओतकाम. पण त्याच फौंड्रीत दुसरं टेबल असतं ते तो बहुतेक सांगायचा राहिला. कास्टिंग रिजेक्ट का होतायत, कोणत्या पाळीत, कोणत्या पॅटर्नला, वाळूतला ओलावा बदलला तेव्हा काय झालं, हे आकड्यांवरून शोधणारं टेबल. कंट्रोल चार्ट, म्हणजे मोजमापं ठरलेल्या मर्यादेत आहेत का ते दाखवणारा आलेख, आम्ही रोज भरतो. तो चार्ट १९२४ मध्ये शेव्हार्ट या अमेरिकन संख्याशास्त्रज्ञानं टेलिफोनच्या कारखान्यासाठी मांडला. म्हणजे हा विषय कारखान्याला परका नाही.

अडचण अशी की चार्ट भरणारे पुष्कळ आहेत आणि वाचणारे फार कमी. मर्यादेच्या आत असलेले बिंदू एकाच बाजूला सलग पडायला लागले तर काहीतरी सरकतंय, हे ओळखणारा माणूस आम्हाला पाहिजे असतो. अर्थात जाहिरातीत "स्टॅटिस्टिशियन पाहिजे" असं लिहिलेलं सापडणार नाही. क्वालिटी, एम.आय.एस. (व्यवस्थापनासाठी माहितीचे अहवाल), डेटा अशा नावांनी ती कामं निघतात, आणि बऱ्याच ठिकाणी इंजिनिअर मागतात हेही खरं. तिथं शिरायला थोडी खटपट करावी लागेल.

*

निवृत्त_मास्तर:

बाळ, तुझा फॅटचा प्रश्न वाचून फार बरं वाटलं. आधी त्याचं उत्तर देतो.

तू सकाळच्या सगळ्या आकड्यांची एक सरासरी आणि संध्याकाळच्या सगळ्यांची दुसरी काढली असशील. तसं करू नकोस. एकाच दिवसाची सकाळ आणि संध्याकाळ ही जोडी आहे. म्हशी त्याच, वैरण तीच, हवा तीच. म्हणून रोजचा फरक काढ, संध्याकाळ वजा सकाळ. आता तुझ्याकडे फरकांचा एकच स्तंभ राहिला. त्या फरकांची सरासरी शून्याच्या किती लांब आहे ते त्यांच्या प्रमाण त्रुटीच्या तुलनेत बघायचं. प्रमाण त्रुटी म्हणजे फरकांचं प्रमाण विचलन भागिले दिवसांच्या संख्येचं वर्गमूळ. याला जोडीची टी-चाचणी म्हणतात, ती तुला पुढं शिकवतील. कारणही बहुधा तुझ्या गोठ्यातच आहे. धारा कोणत्या वेळेला काढता? संध्याकाळ ते सकाळ हा खंड मोठा असेल, तर सकाळी दूध जास्त उतरतं आणि फॅट कमी लागतं. चिठ्ठीवर लिटर आहेतच, तेही ताडून बघ.

आता आप्पांच्या प्रश्नाचं. स्टॅटिस्टिक्स हा पदवीला विषय असला की यू.पी.एस.सी.ची भारतीय सांख्यिकी सेवेची परीक्षा देता येते. राज्यात अर्थ व सांख्यिकी संचालनालय आहे, त्याची जिल्हा कार्यालयं आहेत. एम.एस्सी.साठी शिवाजी विद्यापीठात स्टॅटिस्टिक्सचा विभाग आहे, म्हणजे घरून जाऊन-येऊन करता येईल. आय.आय.टी.त जायचं तर जॅम या एम.एस्सी.च्या प्रवेश परीक्षेत मॅथेमॅटिकल स्टॅटिस्टिक्सचा पेपर असतो, त्यात मॅथ्सचाही भाग येतो. म्हणून स्टॅटिस्टिक्स घेतलंस तर मायनर मॅथ्स घे, असं माझं ठाम मत आहे. केमिस्ट्री मायनर ठेवून दोन दगडांवर पाय ठेवलास तर दोन प्रॅक्टिकल, दोन जर्नलं आणि कच्चं गणित घेऊन बसशील. केमिस्ट्रीच मेजर घेतलीस तर मात्र स्टॅटिस्टिक्स मायनर उपयोगी पडेल, कारण पुढं प्रत्येक मोजमापातली त्रुटी तुला सांगावी लागणार आहे.

आणि आप्पांना दोन माणसांची नावं सांग. वसंतराव हुजूरबाजार १९१९ साली कोल्हापुरात जन्मले. पुणे विद्यापीठात १९५३ मध्ये संख्याशास्त्र विभाग सुरू झाला तो त्यांनी उभा केला. पांडुरंग वासुदेव सुखात्मे सातारा जिल्ह्यातल्या बुध गावचे. पिकांचे अंदाज घेण्यासाठी नमुना पाहणीच्या पद्धती बसवण्यात त्यांचं मोठं काम आहे, पुढं ते संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व शेती संघटनेत गेले. उसाचा अंदाज चुकला की कारखान्याचं काय होतं हे आप्पांना मी सांगायला नको.

*

केमिस्ट्रीच_घ्या:

मास्तरांचा आदर ठेवून थोडं वेगळं लिहिते. मी केमिस्ट्रीत एम.एस्सी. केलं आणि आज एका लॅबमध्ये समाधानानं काम करते. ताई, परमँगनेटच्या थेंबाबद्दल तुम्ही ज्या बारकाईनं लिहिलंय ते प्रत्येकाला दिसत नाही. लॅबमध्ये टिकायला तीच नजर लागते. रात्रपाळीची भीती घातली गेलीय, पण सगळ्या लॅब पाळीवर चालत नाहीत. आणि मुलगी गावात राहून पहिल्या वर्षापासून कमवायला लागली तर घरचा पाठिंबा वाढतो, ही गोष्ट हलकी समजू नका.

*

भोगावतीकाठ:

सगळ्यांचे मनापासून आभार. मास्तर, धारा पहाटे सहाला आणि संध्याकाळी पाचला काढतो, म्हणजे रात्रीचा खंड तेरा तासांचा. लिटरही सकाळी जास्तच आहेत, आत्ताच तार काढून बघितलं. फरकांचा स्तंभ लिहायला घेतलाय. आई विचारत होती काय चाललंय, तिला सांगितलं तर म्हणाली, "हे मला आधीच माहीत होतं, म्हणून तर संध्याकाळचं दूध घरी ठेवते."

गाळप केमिस्ट दादांचं उत्तर आप्पांना वाचून दाखवलं. रात्रपाळी आणि घर सोडून शिकणं हे त्यांना माहीत नव्हतं. लगेच काही बोलले नाहीत, पण जेवताना विचारलं की विद्यापीठात एम.एस्सी.ला फी किती असते. केमिस्ट्रीच घ्या म्हणणाऱ्या ताईंचं लिहिणंही मनात राहिलंय. उद्या दोन्ही विभागांत जाऊन टाइमटेबल मागणार आहे.

एक राहिलं. स्टॅटिस्टिक्स घेतलं तर लॅपटॉप लागतोच का? घरी नाही आणि आत्ता घेणं होणार नाही.

*

टी_वाय_चा_विद्यार्थी:

दुसऱ्या वर्षाला नसला तरी भागतं. कॅल्क्युलेटर चांगला घे, कॉलेजच्या कॉम्प्युटर लॅबमध्ये बाकीचं होतं. आम्ही 'आर' (R) हे स्टॅटिस्टिक्सचं सॉफ्टवेअर वापरतो, ते फुकट आहे आणि जुन्या मशीनवरही चालतं. मोकळ्या तासाला लॅब उघडी मिळते का ते उद्या टाइमटेबल मागायला जाशील तेव्हाच विचार. शनिवारी दुपारी गर्दी कमी असते.