ईस्टरला नातवंडांना भेटावे की थांबावे?

प्रश्न – दोन नातवंडांची आजी (२२ मार्च २०२१)

गेल्या वर्षी १२ एप्रिलला ईस्टर आला, तेव्हा जागतिक महासाथ जाहीर होऊन जेमतेम महिना झाला होता आणि आम्ही दोघे पडद्यासमोर बसून रिकाम्या चर्चमधील उपासना पाहत होतो. नंतर नातवंडांशी व्हिडिओ कॉल केला, पण धाकटा पाच मिनिटांत खुर्चीवरून उतरून निघून गेला आणि उरलेला वेळ आम्ही मोठी माणसेच आजाराविषयी बोलत राहिलो. यंदा ४ एप्रिलला ईस्टर आहे. आता दोन घरांतील माणसांना उघड्यावर अंतर राखून भेटण्याची मुभा मिळाली आहे. घरात एकत्र येण्यास मात्र अजूनही मनाई आहे. माझे वय ६८, यजमानांचे ७३. त्यांचे फुप्फुसांचे दुखणे जुने आहे. आम्हा दोघांची लसीची पहिली मात्रा झाली असून दुसरी २० एप्रिलला आहे. नात नऊ वर्षांची, समजूतदार. नातू पाच वर्षांचा, दिसताक्षणी धावत येऊन बिलगणारा. मुलगा म्हणतो, तासभर अंगणात या. यजमानांचे म्हणणे असे की, लांबूनच पाहून परतायचे असेल तर न गेलेले बरे. मला दोघांचेही पटते, म्हणून येथे विचारते आहे.

उत्तर – निवृत्त शिक्षिका

ताई, जरूर जा, पण नुसते भेटायला जाऊ नका, काहीतरी करायला जा. समोरासमोर खुर्च्या टाकून बसले की मुले कंटाळतात आणि मग जवळ येतात. हाताला काम असले की अंतर आपोआप राहते. अंडी लपवण्याचा खेळ या निर्बंधांसाठीच शोधला असावा असे मला कधीकधी वाटते, कारण तो उघड्यावर होतो, त्यात प्रत्येक मूल आपापल्या दिशेने धावते आणि आजी-आजोबांना एका जागी बसून ‘अजून थोडे पुढे, आता खाली पाहा’ एवढेच ओरडायचे असते. तुम्ही मुलांच्या आधी अर्धा तास पोहोचून अंडी लपवा. प्रत्येकाचा रंग वेगळा ठरवा, नाहीतर नऊ वर्षांची बहीण सगळी वेचून घेईल आणि भांडण सोडवायला कोणालातरी मध्ये पडावे लागेल. उकडलेली अंडी वापरणार असाल आणि ती नंतर खायची असतील, तर त्यांना दोन तासांपेक्षा जास्त वेळ बाहेर ठेवू नका. किती लपवली हे लिहून ठेवा. विसरलेले एक अंडे आठवड्याने वासाने सापडते, हा माझा स्वतःचा अनुभव आहे.

शेवटचे अंडे उघडता येणारे आणि आतून रिकामे ठेवा. ते उघडून मूल ‘यात काहीच नाही’ म्हणाले की, रविवारी पहाटे येशूच्या कबरेपाशी गेलेल्या स्त्रियांनाही असेच काही सापडले नाही, ही गोष्ट तिथेच सांगता येते.

उत्तर – एक आई

आजी, मी पलीकडच्या बाजूने लिहिते आहे. गेल्या वर्षी आमच्या घरातील एका वडीलधाऱ्या माणसाने माझ्या सहा वर्षांच्या मुलाला सांगितले की, तू जवळ गेलास तर आजोबा आजारी पडतील. सांगणाऱ्याचा हेतू चांगला होता, पण त्यानंतर आजोबांना साधा खोकला आला तरी मुलगा रडू लागे. म्हणून माझी विनंती एवढीच आहे की, न बिलगण्याची जबाबदारी पाच वर्षांच्या मुलावर टाकू नका. तो धावत येणारच, हे गृहीत धरून चाला. त्याच्या वडिलांनी त्याचा हात धरून यावे, तुम्ही दोघांनी मास्क लावावा, आणि तरीही तो येऊन पायांना बिलगला तर किंचाळून मागे सरू नका. तोंड बाजूला वळवून पाठीवर हात ठेवा आणि दोन क्षणांनी वडिलांनी त्याला उचलून न्यावे. हा आजार मुख्यतः श्वासावाटे पसरतो, आणि मोकळ्या हवेतील दोन क्षण व बंद खोलीतील जेवण यांत पुष्कळ फरक आहे. सर्वांत मोठा धोका ‘आता आलाच आहात तर आत या, चहा घ्या’ या वाक्यात असतो.

जाता जाता एक गंमत सांगते. गेल्या वर्षी ६ एप्रिलला न्यूझीलंडच्या पंतप्रधान जसिंडा आर्डर्न यांनी मुलांसाठी अंडी आणणारा गोष्टीतला ईस्टरचा ससा अत्यावश्यक सेवेत मोडतो असे पत्रकारांसमोर जाहीर केले होते. तो सगळ्या घरी पोहोचला नाही तर मुलांनी अंड्यांची चित्रे काढून खिडकीत लावावीत, असेही त्यांनी सुचवले होते. आमच्या खिडकीतील चित्र अजून उतरवलेले नाही.

उत्तर – सत्तरीतील आजोबा

माझा कल तुमच्या यजमानांकडे आहे, पण कारण वेगळे आहे. ईस्टर एका दिवसाचा सण आहे, असे आपण उगीच धरून चालतो. उपासनेच्या पंचांगात पुनरुत्थानाचा काळ ५० दिवसांचा असतो आणि यंदा तो २३ मे रोजी पेन्टेकॉस्टच्या सणाला संपतो. तुमची दुसरी मात्रा २० एप्रिलला आहे. तिच्यानंतर साधारण दोन आठवड्यांनी शरीराची तयारी पूर्ण होते असे धरले, तरी ४ मे उजाडतो. म्हणजे तोवर नियम सैल झाले, तर एकत्र जेवण आणि मनसोक्त मिठी ईस्टरच्या काळातच बसते. ऑर्थोडॉक्स ख्रिस्ती मंडळींचा ईस्टर तर यंदा २ मे रोजीच आहे. तेव्हा ४ एप्रिलच्या अंगावर सगळे ओझे टाकू नका. आम्ही शनिवारी रात्री दोन्ही घरांत एकाच वेळी दिवे मालवून मेणबत्ती लावणार आहोत. फोनवर नातू ‘ख्रिस्त उठला आहे’ म्हणेल आणि आम्ही ‘खरोखर उठला आहे’ असे उत्तर देऊ. सगळे मिळून तीन मिनिटे लागतील, आणि मुलांच्या दृष्टीने फोनवर तेवढे पुरे.

प्रश्नकर्तीचे उत्तर

सर्वांची आभारी आहे. पन्नास दिवसांचा हिशेब यजमानांना वाचून दाखवला, तेव्हा ते पहिल्यांदाच नरमले. ‘न गेलेले बरे’ या बोलण्यामागे, यंदाही ईस्टर अर्धवटच होणार, ही रुखरुख होती असे दिसते. आता ठरले ते असे: ४ तारखेला अंगणात पाऊण तास, अंडी लपवण्याचे काम यजमानांचे, नातवाचा हात त्याच्या वडिलांच्या हातात, आणि जेवण मे महिन्यात. पावसाचा प्रश्न तेवढा राहिला होता. पाऊस आला तर आत शिरण्याचा मोह सर्वांत आधी मलाच होईल हे मी ओळखून आहे, म्हणून तसे झाल्यास ११ तारखेच्या रविवारी भेटू, असे मुलाला आजच कळवले आहे.