लाकडी खिडकीची एकच काच फुटलीय, घरच्या घरी बसवता येईल का?

डोंबिवलीची_खिडकी:
नमस्कार मंडळी. परवा संध्याकाळी वळवाचा पाऊस यायच्या आधी जो वारा सुटला ना, त्यात आमच्या बेडरूमच्या खिडकीचं एक दार धाडकन आपटलं आणि खालची काच गेली. बिल्डिंग १९८४ ची, सागवानी खिडक्या, एका दारात तीन काचा एकाखाली एक, त्यातली सगळ्यात खालची. दारं बाहेर उघडतात, गज नाहीत, बाहेर बॉक्स ग्रील आहे, दुसरा मजला.
दोन सुतारांना फोन केले. एक म्हणाला एका काचेसाठी कोण येणार, दुसरा येऊन बघून गेला आणि म्हणाला हे सगळं काढून टाका, अ‍ॅल्युमिनियमची स्लायडिंग करून देतो. अहो, एक काच फुटली तर अख्खी खिडकी कशाला काढू? सध्या कॅलेंडरचा पुठ्ठा आणि वर प्लास्टिक लावून ठेवलंय, पण पाऊस तोंडावर आलाय आणि पुठ्ठा काही तग धरणार नाही.
काच पट्टीने नाही तर त्या पांढऱ्या, दगडासारख्या झालेल्या लांबीने (काच पक्की करायचा लगदा) बसवलेली आहे. मी आयुष्यात ड्रिल मशीन एकदाच हातात धरलंय, तरी हे जमेल का? आणि भिंत रंगवताना उरलेली अर्धी पिशवी पुट्टी घरात आहे, ती चालेल का?

सुतारपक्षी:
आधी शेवटचा प्रश्न. नाही चालणार. भिंतीची पुट्टी सिमेंटची असते, ती पाण्यात कालवतात आणि ती कडक होऊन बसते. काचेची लांबी वेगळी, खडूची पूड आणि जवसाचं तेल. हार्डवेअरच्या दुकानात 'काचेची लांबी' म्हणून मागा, अर्धा किलो पुरून उरेल. तयार नाही मिळाली तर चॉक पावडर आणि डबल बॉइल्ड जवसाचं तेल आणून घरी मळा, तेल थोडं थोडं घाला, पुरीच्या कणकेइतकी घट्ट झाली आणि बोटाला चिकटायची थांबली की झाली.
आता जमेल का, तर जमेल, पण खिडकीत उभं राहून करू नका. लांबी बाहेरच्या बाजूला आहे आणि तुम्ही आत, म्हणजे ग्रीलमधून हात वाकडा करून काम करणार, कशाला? बिजागरीचे स्क्रू काढा आणि दार आत आणून टेबलावर आडवं ठेवा. स्क्रू काढताना घरातलं दुसरं कोणीतरी दार धरून उभं पाहिजे, एकट्याने नाही. चाळीस वर्षांचा रंग स्क्रूच्या खाचेत भरलेला असेल, तो आधी टोकदार खिळ्याने कोरून काढा, मग स्क्रू ड्रायव्हरच्या मागून हातोडीचा एक ठोका द्या आणि मग फिरवा. न कोरता नुसता जोर लावलात तर स्क्रूचं डोकं घासून गुळगुळीत होतं आणि मग खरा वैताग सुरू होतो.
जुनी लांबी काढणं हेच काम आहे, बाकी सगळं तासाभरात होतं. जुनी बोथट पटाशी घ्या (चांगली पटाशी कुठला सुतार देणार नाही, मागूही नका) आणि हळूहळू फोडत जा. मध्ये मध्ये चुका सापडतील, म्हणजे बारीक बिनडोक्याचे खिळे, काच त्यांनीच धरून ठेवलेली असते, त्या पकडीने उपटा. हीट गन वापरायचा मोह होतो पण शेजारच्या दोन काचा तडकतील. आणि रंग जुना आहे, त्यात शिसं असू शकतं, आपल्याकडे घरगुती रंगात शिशाला ९० पीपीएमची मर्यादा २०१७ पासून लागू झाली, तुमचा रंग त्याच्या कितीतरी आधीचा. त्यामुळे कोरडा पॉलिश पेपर मारून धूळ उडवू नका, ओलं करून घासा आणि तोंडाला मास्क लावा, लहान मुलं असतील तर लांब ठेवा.
खाच साफ झाली की लाकडाला जवसाचं तेल किंवा प्रायमर मारून वाळू द्या. हे लोक हमखास गाळतात. कोरडं लाकूड लांबीतलं तेल पिऊन टाकतं, मग वर्षभरात लांबी भेगाळते. मग खाचेत लांबीचा पातळ थर, त्यावर काच, कडेकडेने दाबायची, मधोमध अजिबात नाही. मग चारी बाजूंना चुका, आणि चुका ठोकताना हातोडी काचेवर सपाट सरकवत मारायची, उचलून नाही. मग बाहेरून तिरकी लांबी, पाणी वाहून जाईल अशी.

आजीचा_चष्मा:
सुतारपक्षींनी सगळं सांगितलं पण फुटकी काच काढायची कशी हे राहिलंच की. खाचेत जे तुकडे अजून अडकलेत त्यांच्यावर चिकटपट्टी मारा, आडवी उभी भरपूर, म्हणजे पडले तरी एकत्र पडतील. जाड हातमोजे, डोळ्याला चष्मा, पायात चप्पल नको, बूट. वरचे तुकडे आधी काढा, खालचे नंतर, नाहीतर वरचा सुटून थेट मनगटावर येतो. मी स्वतः बघितलंय, आमच्या शेजारच्या काकांना सात टाके पडले होते.
फरशीवर जो काचेचा चुरा असतो तो झाडूने जात नाही आणि झाडूत अडकून मग दुसऱ्या खोलीत सुटतो. कणकेचा गोळा घ्या आणि फरशीवर थापत जा, सगळा चुरा त्याला लागतो. मग दिवे घालवून मोबाईलचा टॉर्च जमिनीला टेकवून धरा, राहिलेले कण चमकतात. तो गोळा मात्र लगेच गुंडाळून टाका, गाईला घालू नका!
आणि कचऱ्यात टाकताना खोक्यात घालून, बांधून, वर मोठ्या अक्षरात 'काच' लिहा. कचरा वेचणाऱ्या ताई हाताने पिशव्या उघडतात.

तिरका_गुण्या:
माप घेण्याबद्दल लिहितो कारण माझे त्यात पैसे गेलेत.
रुंदी तीन ठिकाणी मोजा, वर, मध्ये, खाली. उंची पण तीन ठिकाणी. सगळ्यात कमी आलेलं माप धरा आणि त्यातून एक सूत कमी करा. सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग, साधारण ३ एमएम. काचवाल्याकडे इंच आणि सुतातच बोला, एमएम सांगितलंत तर तो मनात इंच करणार आणि तिथेच चूक होणार. मी पहिल्यांदा खाचेच्या बरोब्बर मापाची काच आणली, ऐन मेमध्ये, बसली पण मस्त घट्ट, मी खूश. श्रावणात लाकूड फुगलं आणि एका रात्रीत कोपऱ्यातून तडा गेला, कोणी हात लावला नाही काही नाही. काचेला चारी बाजूंनी श्वास घ्यायला जागा पाहिजे.
शिवाय जुनी खिडकी गुण्यात, म्हणजे बरोबर काटकोनात, असेल असं समजू नका. दोन्ही कर्ण मोजा, फरक असेल तर पुठ्ठा कापून खाचेत बसवून बघा आणि तो पुठ्ठाच दुकानात घेऊन जा. काचवाला हिरकणीने त्याच्यावरूनच कापून देतो.
काच ४ एमएम घ्या, एवढ्या आकाराला पुरे. आमच्याकडचा दुकानदार माप वरच्या ३ इंचाच्या पटीत धरून स्क्वेअर फुटाने बिल करतो, म्हणजे समजा काच ११ इंचाची असेल तर १२ ची धरली जाईल, तो फसवत नाहीये, उरलेली पट्टी त्याच्या कामाची नसते.

नागपुरी_ऊन:
भाऊ, मला तर तो दुसरा सुतारच बरोबर वाटून राहिला. चाळीस वर्षांचं लाकूड, दर पावसाळ्यात फुगणार, दर उन्हाळ्यात आकसणार, किती वर्षं लांबी भरत बसणार? आमच्याकडे तीन वर्षांपूर्वी स्लायडिंग केलं, टफन्ड काच टाकली, झंझट खतम.

सुतारपक्षी:
@नागपुरी_ऊन स्लायडिंगमध्ये खिडकी अर्धीच उघडते, हे डोंबिवलीच्या उकाड्यात चालत नाही हो. आणि झंझट खतम कुठे, खालची चाकं खराब होतात, ट्रॅकमध्ये माती साचली की पावसाचं पाणी आत येतं. सागवान किडलेलं नसेल तर काढून टाकणं म्हणजे पाप आहे, आज तसं लाकूड घ्यायला गेलात तर कळेल.
टफन्डचं म्हणाल तर ती चांगलीच, साध्या काचेच्या चार-पाच पट मजबूत आणि फुटली तर बारीक बारीक खडे होतात, सुऱ्यासारखे तुकडे नाहीत. पण ती आधी मापात कापून मग भट्टीत घालतात, नंतर एक सूतही कमी करता येत नाही, कापायला गेलात की सगळीच फुटते. यांच्या वाकड्या चौकटीला एक फुटाची टफन्ड ऑर्डर करायची, ती आठवड्याने येणार आणि एका कोपऱ्यात अडकणार. बाल्कनीचं दार असतं, जमिनीपर्यंत काच असती, तर मीच सांगितलं असतं टफन्ड घ्या म्हणून.

माडाखालचो:
वाचून गंमत वाटली. गोव्यातल्या आमच्या जुन्या घरात दोन खिडक्यांना अजून काच नाहीच, शिंपल्यांची तावदानं आहेत. तळहातापेक्षा लहान चौकोनी शिंपले, लाकडी पट्ट्यांच्या खाचेत ओळीने सरकवलेले. एक फुटला तर तेवढाच बदलायचा. उजेड दुधाळ येतो, बाहेरचं काही दिसत नाही, आणि दुपारचं ऊन डोळ्यात जात नाही. आता ते बसवणारा माणूस शोधायला लागतो तो भाग वेगळा. तुमच्या प्रश्नाचं हे उत्तर नाही, पण पुठ्ठ्यापेक्षा बरं.

डोंबिवलीची_खिडकी:
सगळ्यांचे आभार, एवढं सविस्तर मिळेल असं वाटलं नव्हतं. शनिवारी मुहूर्त धरतोय. एक शंका, फुटलेल्या काचेतून समोरचा नारळ जरा लहरी लहरी दिसायचा, आणि तुकडा हातात घेतला तर एका बाजूला किंचित जाड आहे. बाबा म्हणतात काच वर्षानुवर्षं खाली ओघळते म्हणून. खरं का?

तिरका_गुण्या:
बाबांना दुखवू नका, पण नाही. खोलीच्या तापमानाला काच ओघळत नाही. पूर्वी काच वितळलेल्या रसातून वर ओढून काढायचे, त्यात लहरी आणि कमीजास्त जाडी राहायचीच. वितळलेल्या कथिलावर काच तरंगवून सपाट करायची फ्लोट पद्धत इंग्लंडमध्ये १९५९ मध्ये जाहीर झाली, आपल्याकडे तसे कारखाने आले ते नव्वदच्या दशकात, तळोजा, अंकलेश्वर वगैरे. १९८४ ची बिल्डिंग म्हणजे ओढलेलीच काच असणार. वरच्या दोन जपा, तशी आता सहजासहजी मिळत नाही.

आजीचा_चष्मा:
मी एक विचारू का, खिडकी आपटलीच कशी? आकडा लावला नव्हता का?

डोंबिवलीची_खिडकी:
आकडा आहे, पण ज्या कडीत अडकवायचा ती कडी दोन वर्षांपूर्वी निघून आली. तेव्हापासून दाराखाली पेपरची घडी घालतो. 😐

आजीचा_चष्मा:
मग काच गेली वाऱ्याने नाही, त्या कडीने. आधी ती लावा. जुन्या भोकात स्क्रू फिरत असेल तर आगपेटीच्या काड्या फेविकॉल लावून भोकात ठोका, वाळल्यावर स्क्रू पिळा. दहा रुपयांची कडी आहे ती.

डोंबिवलीची_खिडकी:
अपडेट. काच बसली! दोन बसल्या खरं तर, म्हणजे पहिली फुटली.
बायकोने दार धरलं, मी स्क्रू काढले, सहापैकी पाच नीट निघाले, एकाचं डोकं गेलं, ते शेवटी खालच्या मोटरसायकलवाल्याने येऊन काढून दिलं आणि चहा पिऊन गेला. लांबी काढायला साडेतीन तास. खरंच साडेतीन. हात अजून दुखतोय. सुतारपक्षी, तुम्ही 'हळूहळू फोडत जा' असं सहज लिहून गेलात!
माप ११ इंच ५ सूत बाय १६ इंच २ सूत आलं, दोन्हीकडे एकेक सूत कमी करून काच आणली. बिल १२ बाय १८ चं लागलं, म्हणजे दीड स्क्वेअर फूट, कापणीसकट १२० रुपये. खाचेच्या एका कोपऱ्यात जुन्या लांबीचा मोहरीएवढा खडा राहिला होता, तो मला दिसला नाही, काच दाबली आणि कट् असा आवाज आला. परत दुकानात. काचवाल्याने विचारलं पण नाही काय झालं, नुसता हसला आणि आणखी १२० घेतले.
दुसऱ्या वेळी खाचेतून बोट फिरवून फिरवून तपासलं. बाहेरची लांबी पहिल्या बाजूला अगदी बाळबोध आली, चौथ्या बाजूला आल्यावर हात बसला, म्हणजे काम संपल्यावर. सुरी जवसाच्या तेलात बुडवून ओढली की लांबी चिकटत नाही, हे युट्युबवर नाही, आईने सांगितलं, ती म्हणे करंज्यांची कड कापताना तसंच करतात. कडी पण लावली, आगपेटीच्या काड्यांवर.
नवीन काचेतून नारळ एकदम सरळ दिसतो, वरच्या दोन काचांतून वाकडा. बाबा रोज सकाळी तिथे उभे राहून वर-खाली मान करतात.
आता एकच प्रश्न. आज सकाळी उठून बघतो तर लांबीला खालच्या बाजूला तीन खड्डे. कावळा लांबी खातो का?

सुतारपक्षी:
खातो. जवसाचं तेल ना त्यात. खड्डे बोटाने भरून टाका आणि दहा-बारा दिवस वर साय धरेपर्यंत जुना पेपर चिकटवून ठेवा, ती पेपरची घडी आता मोकळी झालीच आहे. मग ऑइल पेंट मारा आणि रंग काचेवर अगदी दोन एमएम चढू द्या, म्हणजे फटीतून पाणी जाणार नाही.