मदत हवी आहे: सरहद्दीच्या सुभ्यात नांगर कोण धरणार?

सुभेदार_नागपूर: तिसऱ्या प्रकरणावर अडकलोय, लवकर सांगा. वज्रसीमा सुभ्यात घरटी सगळे धडधाकट पुरुष बारमाही फौजेत आहेत. मग शेती कोण करणार? धान्य राजधानीतून येत असेल तर सुभेदार बंड कशाच्या जोरावर करेल? सातव्या प्रकरणात बंड हवंच.

फुटाळाकाठ: कादंबरी का गेम? शत्रू कोण? मधे नदी, डोंगर, जंगल काय आहे?

सुभेदार_नागपूर: कादंबरी. पलीकडे घोडेस्वार टोळ्या, मधे डोंगर. सरहद्द म्हटल्यावर डोंगर असणारच ना.

गडवाट: असणारच काहून भाऊ? लिहा ना तसं. आणि बारमाही फौज सोडा. शिवकाळात आठ महिने मुलूखगिरी, पावसाळ्यात छावणी. दसऱ्याला सीमोल्लंघन उगाच नव्हतं, नद्या उतरल्या की घोडी बाहेर.

माजी_मास्तर: स्वारी करणाऱ्याला ते जमतं, राखण करणाऱ्याला नाही. टोळ्या दसऱ्यापर्यंत थांबतील का? ऑस्ट्रियानं तुर्कांच्या सीमेवर काय केलं ते पाहा. तिथल्या कुटुंबांना जमीन दिली, जमीनदाराची वेठ माफ केली, बदल्यात लष्करी चाकरी घेतली. कुटुंबं मोठी, एकत्र. एक भाऊ पहाऱ्यावर, बाकीचे शेतात. १८८१ मध्ये मोडेपर्यंत ही सीमा टिकली.

गडवाट: पण ती फौज थेट व्हिएन्नाची. सुभेदाराच्या हाती काय उरलं? बंडच हवं तर आपले नागपूरकर भोसले घ्या ना. रघूजी भोसल्यांच्या बंगालवर स्वाऱ्या चालल्या होत्या, तर १७४३ मध्ये खुद्द पेशवे त्यांच्याविरुद्ध तिथे उतरले. शिवाय घोडा कोणाचा ते आधी ठरवा. शिलेदाराचा घोडा स्वतःचा, तो धनी बदलू शकतो. बारगिराला घोडा मिळतो वरून. तो वरचा म्हणजे तुमचा सुभेदार असू द्या, राजा नाही.

बर्डीवाला: सीताबर्डीचा किल्ला पाहून या. १८१७ ची लढाई तिथेच झाली. सैन्याच्या ताब्यात आहे, पण १५ ऑगस्ट आणि २६ जानेवारीला आत सोडतात.

सुभेदार_नागपूर: किल्ला नकोय, धान्य हवंय!

तांडा: बंजाऱ्यांना सगळेच विसरले. बैलांच्या पाठीवर धान्य लादून फौजांमागे तेच जायचे. सुभेदारानं राजधानीकडे जाणारे तांडे घाटातच अडवले की झालं बंड.

माजी_मास्तर: धान्य सरहद्दीकडे येतंय म्हणाले ते. उलटी दिशा धरलीत तुम्ही.

तांडा: मग मीठ तरी डोंगरातून खाली पाठवा. मिठावाचून राजधानी किती दिवस काढेल?

फुटाळाकाठ: बायांचा विचार कोणीच करून नाही राहिलं. पुरुष पहाऱ्यावर असतील तर पेरणी, निंदण, बाजार सगळं त्यांच्याच हाती. कोठाराच्या किल्ल्या पण. बंडाला त्यांचा होकार लागेल.

सुभेदार_नागपूर: हे पाहिजे होतं! किल्ल्या बायांकडे, घोडे सुभेदाराचे, जमीन मास्तर म्हणतात तशी. मिठाचं पण घेतो. आता एवढं सांगा, हजार घोड्यांना डोंगरात वर्षभर चारा पुरेल का?