जात्यावरच्या ओव्या रेकॉर्ड करायला रेकॉर्डिंगचा क्लास लावलाय, सोडू का?

माजघर५३:
बँकेतून व्हीआरएस घेतली आणि पुण्यात शनिवार-रविवारचा म्युझिक प्रॉडक्शनचा क्लास लावला. मोठ्यांसाठीचा आहे म्हणे, पण मी आणि एक निवृत्त एसटी कंडक्टर सोडले तर सगळी पंचविशीच्या आतली पोरं. सर माझ्या मुलाच्या वयाचे. "काकू, आधी बीपीएम (मिनिटाला किती ठोके ते) सेट करा." अहो, मला बीट्स नकोत! आई ८१ वर्षांची आहे, तिच्या जात्यावरच्या ओव्या मला नीट उतरवून घ्यायच्यात.

दिवाळीत गावी यूएसबी कंडेन्सर माइक घेऊन गेले. ऐकलं तर जात्याची घरघर पुढे, आई मागे, आणि डब्यात तोंड घालून गातेय असा आवाज. वरच्या पट्टीत गेली की फाटतोय. हेडफोन लावले तर म्हणाली, "कान झाकून कुणी गातं का?" नुसतंच गा म्हटलं तर तिसऱ्या ओळीला अडली. हात फिरला की ओवी येते तिला. सर म्हणतात क्लिकवर, म्हणजे हेडफोनमधल्या ठरावीक टकटकीवर, गाऊन घ्या, जातं नंतर टाकू. माइक बदलू की क्लास?

मिरजेचा_तंबोरा:
ताई, दोन्ही राहू द्या, माइकची जागा बदला. तुमचा माइक कार्डिऑइड असेल, म्हणजे समोरचं ऐकतो आणि पाठीमागचं बरंच टाळतो. तो जात्याच्या बाजूला बुटक्या स्टँडवर ठेवा, तोंड आईकडे, पाठ जात्याकडे. स्टँडखाली गोधडीची घडी घाला, नाहीतर जमिनीतून हादरे येतात.

दळताना माणूस पुढेमागे झुलतं हे विसरू नका. अंतर दुप्पट झालं की आवाज साधारण ६ डेसिबलने उतरतो. माइक वीतभरावर ठेवलात तर प्रत्येक झोक्याला आवाज वरखाली होईल, म्हणून दोन विती तरी लांब ठेवा. लांब नेला की खोली जास्त घुमते, त्याला आईच्या मागे दोरीवर जाड गोधड्या टाका.

फाटतंय कारण गेन, म्हणजे माइकचा आवाज किती वाढवून घ्यायचा ती सेटिंग, जास्त आहे. रेकॉर्डिंग २४ बिटवर (बारकाईची सेटिंग) घ्या आणि आवाजाचा मीटर सगळ्यात वर गेला तरी -१२ डेसिबलच्या आसपास राहू द्या. हळू वाटलं तर नंतर वाढवता येतं, फाटलेलं मात्र शिवता येत नाही. (मी स्वतः एक आख्खी मैफल अशी घालवली आहे.)

उंबरठा:
क्लिक अजिबात नको. ओवीची लय जात्याची असते. हेमा रायरकर आणि गी पॉइतवाँ या संशोधकांच्या प्रकल्पात खेड्यापाड्यांतून एक लाखावर ओव्या गोळा झाल्या, त्यातल्या बऱ्याच आता 'पारी'च्या (पीपल्स आर्काइव्ह ऑफ रूरल इंडिया) साइटवर ऐकता येतात. ऐका एकदा.
आणि गाणं सुरू व्हायच्या आधी दहा सेकंद नुसती खोली रेकॉर्ड करा. ऑडॅसिटी या फुकट सॉफ्टवेअरमध्ये तो नमुना देऊन पंख्यासारखी एकसुरी खरखर कमी करता येते. जास्त केलीत तर आवाज पाण्याखालून आल्यासारखा होतो.

माजघर५३:
जाऊन आले. नेमके दुपारी लाइट गेले! पंखा बंद, शेजारची पिठाची गिरणी बंद, लॅपटॉप बॅटरीवर. हेडफोन मीच घातले, तेही पडवीत लांब वायर ओढून. २३ ओव्या मिळाल्या. मधेच "पीठ जाड पडतंय गं" असं आई सुनेला ओरडलीय, ते ठेवलंय.

काल क्लासमध्ये ऐकवलं. कंडक्टरकाकांनी मांडीवर ताल धरून बघितला, नवा घास घातला की लय उतरते म्हणाले. सरांनी क्लिकचं नाव काढलं नाही, उलट ८० हर्ट्झच्या खालचं, म्हणजे अगदी खर्जातलं, कापून दाखवलं तर जात्याचा घुमणारा भाग बराच गेला. क्लास चालू ठेवतेय.

आता तंबोरेदादा, एक शंका: आई 'स' म्हणते तेव्हा शिट्टी वाजते. दोन दात नाहीत पुढचे. त्याला काय करू?

मिरजेचा_तंबोरा:
माइक थोडा तिरपा करा, तोंडाच्या अगदी सरळ रेषेत नको. तरी राहिली तर डी-एसर, म्हणजे 'स'ची शिट्टी दाबणारा इफेक्ट, तोही चिमूटभर. मला विचाराल तर राहू द्या ती शिट्टी.