एमएनडीच्या रुग्णासाठी मंडळाचा निधी: आधी काय घ्यावं?

प्रश्न (मंडळाचा सचिव, गुहागर तालुका):
वाडीतल्या एका काकांना मोटर न्यूरॉन डिसीज (एमएनडी, स्नायू हलवणाऱ्या नसा निकामी होत जाण्याचा आजार) आहे. हातांतली ताकद गेली, बोलणं जड झालंय, रात्री झोप लागत नाही, सकाळी डोकं दुखतं. चाकरमान्यांनी गणपतीत ६०,००० रुपये जमवलेत. निम्मे लोक ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटर म्हणतात, निम्मे व्हीलचेअर. घर पाखाडीच्या (पायऱ्यांच्या वाटेच्या) वर आहे. की पैसेच घरी द्यावेत?

उत्तर १:
कॉन्सन्ट्रेटर घेऊ नका. या आजारात फुप्फुसं सहसा ठीक असतात, श्वासाचे स्नायू थकतात. त्यामुळे रात्री कार्बन डायऑक्साइड साठतो, सकाळची डोकेदुखी बहुतेक त्याचीच. नुसता ऑक्सिजन दिला तर बोटावरच्या यंत्रात ऑक्सिजनचा आकडा छान दिसतो आणि आत कार्बन डायऑक्साइड वाढत राहतो. छातीच्या डॉक्टरांकडून एफव्हीसी (पूर्ण श्वास घेऊन जोरात किती हवा सोडता येते त्याचं माप; बसून आणि झोपून) व रक्तातल्या वायूंची तपासणी करून घ्या. गरज बहुधा बायपॅपची (मास्कमधून दाबाने हवा देणाऱ्या यंत्राची) निघेल, तीही बॅकअप रेट असलेल्या एसटी मोडची, म्हणजे रुग्णाने श्वास घेतला नाही तर यंत्र स्वतः देतं. पहिला महिना भाड्याने आणा. मास्क मात्र चेहऱ्याच्या मापाचा, स्वतःचा घ्या. मास्क गळत असेल तर यंत्र कितीही भारी असो, उपयोग नाही.

अन्न देण्यासाठी पोटात बसवायच्या नळीचा विषयही आत्ताच काढा. एफव्हीसी ५० टक्क्यांच्या खाली गेल्यावर ती बसवण्यातला धोका वाढतो.

उत्तर २:
बायपॅपच्या आधी विजेचं बघा. पावसात फांदी पडली की आपल्याकडे रात्रभर लाइट नसते. १२ व्होल्ट, १५० एएचची ट्युब्युलर बॅटरी म्हणजे १८०० वॉट-तास, हिशोबात निम्मेच धरा. ह्युमिडिफायरचा (यंत्रातली हवा ओलसर करणाऱ्या भागाचा) हीटर बंद ठेवला आणि यंत्र ५० वॉटच्या आसपास घेत असेल, तर इन्व्हर्टरची तूट धरूनही एक रात्र निघते. हीटर चालू असेल तर हा हिशोब कोलमडतो. या लाइनवर पंखा, टीव्ही काही जोडू नका. खाऱ्या हवेने टर्मिनलवर हिरवं चढतं, महिन्याला पुसून पेट्रोलियम जेली लावा. पावसाळ्यात फिल्टर दर आठवड्याला बघा, दमट झाला की बदला.

सक्शन मशीन (लाळ-कफ ओढून काढणारं) लागेल तेव्हा सोबत पायाने चालणारंही ठेवा.

उत्तर ३:
पैसे एकरकमी देऊ नका, आणि वस्तू मंडळाच्या मालकीच्या ठेवा. गरज काही महिन्यांनी बदलते. आज आणलेली साधी खुर्ची मान लटकू लागली की कामाची राहत नाही. घ्यायचीच तर उंच पाठीची, डोक्याला आधार असलेली, मागे कलणारी. पाखाडीवर ती चालणार नाही, तिथे दोन माणसं आणि मानेला कॉलर. ओटा दीड फूट असेल तर १:१२ उताराला १८ फूट लागतात, खळ्यात तेवढी जागा आहे का ते मोजा.

निधीतला एक भाग काकींसाठी राखा. आठवड्यातून दोन रात्री कुणी मदतनीस आला तर त्यांना झोप मिळेल. मंडळं हा खर्च नेहमी विसरतात, आणि घर मात्र तिथेच मोडतं.

उत्तर ४:
यूडीआयडी (दिव्यांग ओळखपत्र) कार्डाचा अर्ज लगेच करा, ४० टक्के दिव्यांगत्वापासून योजना लागू होतात. आजार वाढला की फेरतपासणी मागा. मुंबईला न्यायचं झालं तर धर्मादाय रुग्णालयात १० टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी असतात. तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला आधीच काढून ठेवा.

आणि पातळ पेजेने ठसका लागत असेल तर ती घट्ट करा. हनुवटी खाली, छोटा घास. बोलणं पूर्ण थांबायच्या आत पुठ्ठ्यावर क, च, ट, त, प अशा ओळी लिहून डोळ्यांनी अक्षर दाखवायची सवय लावा.

सचिव:
कॉन्सन्ट्रेटरची ऑर्डर थांबवली. रत्नागिरीत तपासणीची वेळ घेतो. ओटा उद्या मोजून इथे लिहितो.