बालवाडीत गाणं वर्गशिक्षिकेनेच घ्यावं का?

तंबोरा:
आठवड्यातून एकदा बाहेरचे संगीतशिक्षक बोलावण्यापेक्षा बाईंनाच गायला तयार करावं, असं माझं मत. त्यांना राग शिकवायला नकोत. हजेरी ‘प-ग’ अशा दोनच सुरांत गाऊन घ्यावी, मुलं उत्तरही त्याच सुरांत देतात. रोज 5 मिनिटं, दोन आठवडे एकच गाणं. यात गळा गोड असण्याचा प्रश्न येतो कुठे?

खर्ज:
येतोच. बाई बेसूर, तर मागे अख्खा वर्ग बेसूर. त्यापेक्षा चांगलं रेकॉर्डिंग लावा.

पांढरी दोन:
ज्याला बेसूर म्हणतात ती बहुतेकदा चुकलेली पट्टी (गाणं ज्या उंचीवर धरतो ती) असते. या वयाला पेटीच्या मधल्या सप्तकातली पांढरी दोन ते पांढरी सहा (दुसरी ते सहावी पांढरी कळ) एवढाच पल्ला सोयीचा. बाई स्वतःच्या सोयीने मंद्रात, म्हणजे खालच्या सप्तकात, सुरू करतात, मुलं तिथे उतरू शकत नाहीत, मग एकसुरी पुटपुटतात नाहीतर ओरडतात. बाईंना वाटतं, आपल्यालाच जमत नाही. कीबोर्डवर पहिला सूर दाबा, त्याच सुरात ‘चला म्हणू या’ गा, मग गाणं. सूरच न कळणारी माणसं शंभरात चारच्या वर नसतात. रेकॉर्डिंग मात्र कुणासाठी थांबत नाही. मुलाला शब्द आठवेपर्यंत पुढचं कडवं सुरू!

खर्ज:
पट्टीचं मान्य. पण लय? मुलं पुढे पळतात, बाई गोंधळतात.

तंबोरा:
मुलांची सहज लय मोठ्यांपेक्षा जलदच असते. आधी बाईंनी मुलांच्या चालण्यावर खंजिरी वाजवावी. आणि वाद्यं सगळ्यांना एकदम वाटू नका, पहिल्याच मिनिटाला नुसता गोंगाट होतो. चौघांना द्या, बाकीचे टाळ्या वाजवतील, मग फिरवा.

पाटीपेन्सिल:
हे सगळं एका दिवसाच्या कार्यशाळेत सांगून काही होत नाही. मानसशास्त्रज्ञ बँडुरा यांनी 1977 मध्येच मांडलंय: आत्मविश्वासाला सर्वांत भक्कम आधार स्वतः करून जमल्याचा, शाबासकीचा त्याहून कच्चा. कार्यशाळेत बघणं आणि शाबासकी, दोनच गोष्टी मिळतात. तेच सहा तास सहा आठवड्यांवर पसरा, तेही बाईंच्याच वर्गात. संगीतशिक्षकाने पहिल्यांदा गाणं घ्यावं, दुसऱ्यांदा निम्मं, तिसऱ्यांदा नुसतं शेजारी बसावं. तो शिकवतोय आणि बाई वह्या तपासतायत, असं झालं की ‘हे माझं काम नाही’ हेच पक्कं होतं.

खर्ज:
शेजारी बसायला माणूस मिळाला तर ना! तोवर मी रेकॉर्डिंगच लावेन. फार तर शब्दांविना नुसती साथ, मुलांच्या पट्टीत.