आजीसाठी गाण्यांची यादी: आमच्या घरच्या ग्रुपवरची चर्चा

आत्या: दुपारची यादी पाहिली. संध्याकाळपर्यंत गप्प बसले, आता नाही राहवत. ‘केतकीच्या बनी तिथे’च्या पुढे लता मंगेशकर कुणी लिहिलं? ते सुमन कल्याणपूरांचं आहे. आणि ‘शुक्रतारा’च्या पुढे नुसतं अरुण दाते? मग दुसरा आवाज कुणाचा?

दादा: आत्या, सॉरी. घाईत केली. नेटवर जसं दिसलं तसं उचललं.

आत्या: तुझ्यावर राग नाही रे. पण बाबांच्या घरातली यादी आहे ही. ते रेकॉर्डच्या पाकिटावर तबलजीचंसुद्धा नाव लिहायचे. निळ्या शाईने.

मोठे काका: 🚀 तुम्हाला माहीत आहे का? १९७७ साली व्हॉयेजर यानासोबत अंतराळात पाठवलेल्या सोनेरी तबकडीवर केसरबाई केरकरांची भैरवी आहे! ‘जात कहाँ हो’. प्रत्येक मराठी माणसाला अभिमान वाटायला हवा. पुढे पाठवा.

धाकटे काका: अण्णा, हे तू गुढीपाडव्यालाही पाठवलं होतंस.

मोठे काका: ज्यांनी तेव्हा वाचलं नाही त्यांच्यासाठी.

ताई: आई, दुसरा आवाज कुणाचा ते सांग ना. खरंच माहीत नाही.

आत्या: सुधा मल्होत्रा. १९६२ चं गाणं. चाल खळ्यांची, शब्द पाडगावकरांचे. ही दोन नावं तरी लोक घेतात, दातेंचं तर घेतातच. ती बाई दिल्लीत जन्मलेली, मराठी तिची भाषा नव्हे. पण त्या गाण्यात एक अक्षर परकं लागत नाही. दाते गातात तेव्हा गाणं संथ वाहत असतं, ती आली की त्यात ओलावा येतो. अर्धं गाणं तिचं आहे. निदान अर्धी ओळ तरी द्या.

मी: हिंदी ‘दीदी’मधलं ‘तुम मुझे भूल भी जाओ’ तिचंच ना? मुकेशबरोबर.

आत्या: तिचंच, आणि त्याची चालही तिचीच. १९५९. संगीतकार दत्ता नाईक आजारी होते म्हणून तिनं बांधली. आवाज, चाल, सगळं असून आज तिचं नाव किती जणांना ठाऊक आहे?

दादा: यादीत दुरुस्ती केली. शुक्रतारा – अरुण दाते, सुधा मल्होत्रा. केतकीच्या बनी – सुमन कल्याणपूर.

काकू: छान. आता जरा हॉल, खुर्च्या, माइक यावर बोलूया का? कार्यक्रम पंधरा दिवसांवर आलाय.

ताई: काकू, एकच मिनिट. सुमनताईंबद्दल बोलायचंय. ‘ब्रह्मचारी’मधलं ‘आजकल तेरे मेरे प्यार के चर्चे’ मी कॉलेज संपेपर्यंत लताबाईंचं समजत होते. रॉयल्टीवरून लता-रफी एकत्र गात नव्हते, त्या काळात रफींबरोबर सुमनताईंनी कितीतरी द्वंद्वगीतं गायली. लोक ऐकायचे आणि लता म्हणून मोकळे व्हायचे. पद्मभूषण मिळाला तो २०२३ साली, वयाच्या शहाऐंशीव्या वर्षी.

धाकटे काका: आवाज सारखा होता, त्यात लोकांचा काय दोष?

आत्या: सारखा नाही. नीट ऐक. सुमनबाई स्वर सोडताना हलकेच सोडतात, कुणाला जाग येऊ नये तसं दार लोटावं ना, तसं. लताबाईंचा स्वर शेवटपर्यंत ताठ असतो. दोन्ही मोठं. पण एक नाही.

मोठे काका: लताबाईंविरुद्ध या ग्रुपवर बोललेलं मला चालणार नाही.

आत्या: अण्णा, कोण बोललं विरुद्ध??

मी: काका, लताबाईंचंच एक नाव यादीत राहिलंय. ‘ऐरणीच्या देवा तुला’च्या पुढे गायिका म्हणून लता आहे, पण संगीतकार म्हणून नाही. ‘साधी माणसं’ला आनंदघन या नावानं संगीत त्यांनीच दिलंय, १९६५ साली. ‘मोहित्यांची मंजुळा’, ‘मराठा तितुका मेळवावा’, ‘तांबडी माती’सुद्धा. चारच चित्रपट, पण त्या चाली ऐका. भात्याचा ठेका आहे, मातीचा वास आहे, आणि चमकवायची हाव कुठेच नाही. इतर संगीतकारांकडे त्या काय काय गायल्या यावर ढीगभर लिहिलं गेलंय, त्यांनी स्वतः काय बांधलं यावर फार थोडं.

मोठे काका: हे मात्र उत्तम सांगितलंस. 👏

ताई: मग मीनाताई खडीकर पण लिहा! ‘सांग सांग भोलानाथ’च्या पुढे नुसतं ‘बालगीत’ लिहिलंय. चाल मीनाताईंची आहे. ‘चॉकलेटचा बंगला’सुद्धा. आपण सगळे त्यावर वाढलो आणि संगीतकार कोण हे कधी विचारलं नाही. मुलांचं गाणं म्हणजे संगीतच नव्हे असं धरून चालतो आपण. तीन वर्षांच्या पोराला एकदा ऐकून पाठ होईल आणि चाळीस वर्षांनीही आठवेल अशी चाल बांधून दाखवा म्हणावं.

वहिनी: ❤️

काकू: माइकचं कोण बघतंय?

धाकटे काका: मी बघतो, वहिनी. पण माझी एक अट. एक तरी लावणी हवी.

काकू: आजींच्या कार्यक्रमात?

धाकटे काका: बैठकीची लावणी, वहिनी. नाचायची नाही. यमुनाबाई वाईकर ऐकल्यात का कधी? एकाच जागी बसून एकच ओळ दहा वेळा म्हणायच्या. दर वेळी त्या ओळीत वेगळी बाई भेटते. आधी रुसलेली, मग चिडलेली, मग वाट बघून थकलेली. ठुमरीत हे केलं की आपण वाहवा म्हणतो, लावणीत केलं की खाली बघतो. त्यांना पद्मश्री मिळाली २०१२ साली, तेव्हा त्या नव्वदी ओलांडून गेल्या होत्या.

मोठे काका: या घरात लावणी कधी वाजली नाही.

धाकटे काका: वाजली आहे. बाबा फिरतीवर असले की वाजायची. आईला विचार. सुलोचनाबाई चव्हाण लागल्या की आई पोळ्या थांबवायची.

आत्या: 😂 हे खरं आहे. आणि सुलोचनाबाई डोक्यावर पदर घेऊन गायच्या, अण्णा. तुझी हरकत नक्की कशाला आहे?

मोठे काका: 🚀 तुम्हाला माहीत आहे का? १९७७ साली व्हॉयेजर यानासोबत अंतराळात पाठवलेल्या सोनेरी तबकडीवर…

धाकटे काका: अण्णा!!

मोठे काका: कारण तुमच्या चर्चेत शास्त्रीय संगीत कुठेच नाही म्हणून. केसरबाईंचं ते ध्वनिमुद्रण साडेतीन मिनिटांचं आहे. ७८ च्या (मिनिटाला ७८ फेरे घेणाऱ्या) तबकडीच्या एका बाजूला मावायचं तेवढंच. ज्या बाई एक राग तासभर मांडायच्या त्यांनी साडेतीन मिनिटांत अख्खी भैरवी उभी केली. रेकॉर्डिंगला त्या सहसा तयार नसत. आणि यान निघालं त्याच सप्टेंबरात, १९७७ ला, त्या गेल्या. मला हे दर वेळी आठवतं, म्हणून पाठवतो.

आत्या: अण्णा, हे असं लिहीत जा ना. फॉरवर्ड कशाला करतोस? आणि त्यांच्या शिष्या धोंडूताई कुलकर्णी, त्यांचंही नाव घे. केसरबाईंनी शिकवायला जवळ केलं ते त्यांना. आयुष्यभर ती गायकी जशीच्या तशी सांभाळली, लोकांना आवडेल म्हणून कधी सोपी केली नाही. २०१४ साली गेल्या. आपल्यातल्या किती जणांनी त्यांना ऐकलंय?

मोठे काका: मी ऐकलंय. समोर बसून. मोजकीच माणसं होती.

मी: काका, त्याबद्दल कधी तरी सविस्तर लिहा.

आत्या: आता विषय निघालाच आहे तर विचारते. बाबांची रेकॉर्डची पेटी कुठे आहे? ‘डिजिटल करून देतो’ म्हणून नेली त्याला तीन वर्षं झाली.

दादा: आत्या, आहे माझ्याकडे. नीट आहे. ७८ ला वेगळी सुई लागते, एलपीची चालत नाही. ७८ च्या खाचा रुंद असतात. चुकीची सुई लावली तर आवाज खरखरतो आणि तबकडीही खराब होते. ती सुई मिळवण्यात वेळ गेला.

आत्या: तीन वर्षं?

दादा: ऑफिस असतं, आत्या.

काकू: पेटी आमच्याकडे नुसती धूळ खात होती तेव्हा कुणाला आठवण नव्हती.

आत्या: माझ्याकडे जागा असती तर मी तेव्हाच नेली असती. आणि धूळ खात होती की फुटत होती? हिराबाई बडोदेकरांची तबकडी कुणाच्या हातून गेली ते सगळ्यांना माहीत आहे.

मोठे काका: तो विषय पुन्हा नको.

काकू: नाही, बोलू दे त्यांना.

धाकटे काका: माइक मिळाला. दोन आहेत. एक वायरलेस.

दादा: आत्या, या शनिवारी येऊन पेटी बघून जा. पाकिटांचे फोटो मी काढले आहेत. आजोबांनी लिहिलेली नावं दिसतात सगळी. ग्रुपवर टाकतो.

आत्या: टाक. आभारी आहे.

वहिनी: मी इथे फारसं लिहीत नाही. पण दोन दिवस वाचतेय, म्हणून लिहिते. यादीत ३४ गाणी आहेत. आजी सकाळी फुलं काढताना रोज एक गाणं गुणगुणतात, ते यात नाही. ‘पाउले चालती पंढरीची वाट’. प्रल्हाद शिंदे.

मी: अरे हो!

वहिनी: पेटीतल्या सगळ्या पाकिटांचे फोटो मीच काढलेत. त्यात प्रल्हाद शिंदे नाहीत, वामनदादा कर्डक नाहीत, विठ्ठल उमप नाहीत. तुम्ही सगळे ‘दुर्लक्षित’ म्हणताय. माझ्या माहेरी हे आवाज दुर्लक्षित नव्हते. रोज सकाळी होते. वामनदादांना मोठेपणी अक्षरओळख झाली आणि त्यांनी हजारो गाणी लिहिली, गावोगाव गायली. बाबासाहेबांचा विचार शाळेत न गेलेल्या माणसापर्यंत पोहोचला तो त्या गाण्यांतून. उमप २०१० साली नागपूरला दीक्षाभूमीवर, कार्यक्रमातच गेले. त्या दिवशी आमच्या घरात चूल पेटली नाही. म्हणून विचारते, कुणी दुर्लक्ष केलेलं, हेही यादीत लिहायचं का?

दादा: *हा मेसेज डिलीट केला आहे.*

मोठे काका: तसं काही नव्हतं. आपल्याकडे शास्त्रीय ऐकायची पद्धत होती, एवढंच.

वहिनी: हो काका. ते मला लग्नानंतर पहिल्याच महिन्यात कळलं होतं.

काकू: कुणी कुणाला काही म्हटलेलं नाही. उगाच वेगळा अर्थ काढू नये.

आत्या: अण्णा, ‘एवढंच’ नव्हतं. रेडिओवर प्रल्हाद शिंदे लागले की बाबा उठून स्टेशन बदलायचे. मी समोर बसलेली असायचे. ज्या माणसानं तबलजीचं नाव लिहायला सोडलं नाही, त्यानं हे केलं. त्यांच्यावर माझा जीव होता, आजही आहे. पण हे मी पाहिलंय. आणि मीसुद्धा कधी विचारलं नाही, ‘बाबा, का?’

धाकटे काका: मीही पाहिलंय.

ताई: वहिनी, तू हे लिहिलंस ते बरं झालं.

मी: प्रल्हाद शिंदेंचा आवाज खालून सुरू होतो आणि वरच्या सप्तकात गेला तरी बारीक होत नाही, तसाच रुंद राहतो. कव्वाली गाऊन कमावलेला गळा आहे तो. विठ्ठलाचं गाणं असो की भीमाचं, गळा तोच. हे आधी मलाही सुचलं नाही, याचं वाईट वाटतंय.

मोठे काका: यादीत घाला ते गाणं. नाव लिहून घाला.

दादा: घातलं. पहिल्या क्रमांकावर.

काकू: 🎤 ध्वनी संदेश (०:४१)

काकू: आजींनी सांगितलंय, मी फक्त रेकॉर्ड करून पाठवलं. ज्यांना नीट ऐकू येत नाही त्यांच्यासाठी लिहिते. त्या म्हणतात, ते गाणं त्यांनी शेजारच्या रेडिओवर ऐकलं, भिंतीतून. कोण गातं ते माहीत नव्हतं, कुणाला विचारलंही नाही. आता नाव कळलं. ते पहिलं लावा, आणि सुलोचनाबाईंची एक लावा. सूनबाईंना म्हणतात, तुझ्या वडिलांकडे त्यांची आणखी गाणी असली तर घेऊन ये.

धाकटे काका: बघा, लावणी आली!! मी म्हटलं होतं.

मोठे काका: बरं.

वहिनी: आहेत, काकू. बाबांच्या अकरा कॅसेट आहेत. त्यातल्या चार त्यांनी कार्यक्रमांत बसून स्वतः रेकॉर्ड केलेल्या. प्रत्येक कव्हरवर गायक, ढोलकीवाला, पेटीवाला, तारीख लिहिलेली आहे, बॉलपेननं.

आत्या: त्या चार सगळ्यांत आधी डिजिटल व्हायला हव्यात. बाकीच्या कुठे तरी मिळतील, त्या चार कुठेच मिळणार नाहीत. शनिवारी घेऊन येतेस का? मी पेटी बघायला येतेच आहे. आपण दोघी मिळून बसू.

वहिनी: आणते. तुमचा कॅसेट प्लेअर चालू आहे का?

आत्या: मोटर चालू आहे. बेल्ट सैल झालाय, म्हणून आवाज डुगडुगतो. बेल्ट बदलल्याशिवाय त्या कॅसेट त्यात घालायच्या नाहीत.

धाकटे काका: बेल्ट मी बघतो. मॉडेल नंबरचा फोटो पाठव.